जगदेवीचा सरदार

जगदेवीशी मी बोलत न्हाई. एकाच मेसमध्ये काम करतो, एकाच परातीत पीठ मळतो, पण तिनं मीठ मागितलं तर मी डबा सरकवते, तोंड उघडत न्हाई. तिचं नाव काढलं की तळपायाची आग मस्तकात जाते. पण तिच्यासारखी गोष्ट सांगणारी बाई अख्ख्या लातुरात न्हाई, हेबी मीच सांगणार. राग असला म्हणून मी खोटं कामून बोलू? खोटं बोलायचं काम तिनं केलंय.

डॉक्टर व्हायला गावोगावची लेकरं लातूरला क्लास लावायला येतात, खोल्या करून राहतात, अन् त्यांच्या पोटाचं आम्ही बघतो. दयानंदशेठची मेस. पहाटंपासून चपात्या, मग भाजी, मग डबे. दुपारी डबे गेले की मागच्या पत्र्याखाली बसून दुसऱ्या दिवसाचा लसूण सोलायचा, चांगला टोपलंभर. लसूण सोलणं काम न्हाई, शिक्षा हाय. नखं दुखतात, बोटं चरचरतात, अन् झोप अशी येती की बसल्या जागी मान पडती. म्हणून आमच्यात एक नेम पडला. एकीनं गोष्ट सांगायची. सांगणारीनं लसणाला हात लावायचा न्हाई, तिच्या वाट्याचा बाकीच्यांनी सोलायचा.

आधी विठाबाई सांगायची. विठाबाईच्या गोष्टीत सासू असायची, सून असायची, अन् शेवटी सासू मरायची. थोडे दिवस ऐकलं, मग आम्हीच म्हणलं, बाई, तू लसूण सोल. पाळी जगदेवीकडं गेली अन् तिच्याकडून परत कुणाकडं आलीच न्हाई.

जगदेवी निलंग्याकडची. तिकडं कानडीचा शेजार, म्हणून बोलता बोलता मधीच 'यप्पा' यायचं. आमच्यातलीच, लिंगायत. उंच, सावळी, कपाळाला विभूतीची बोटं. नवऱ्याला सोडून आली त्याला लई वर्षं झाली. कामून सोडलं ते कुणाला सांगितलं न्हाई. नवऱ्यानं दुसरं लग्न केलं एवढंच आम्हाला ठाऊक. लेकरू न्हाई. मेसच्या मागं एक खोली होती, तिथंच राहायची. झोप यायची न्हाई म्हणून कानात वायरी घालून मोबाइलवर गोष्टी ऐकायची. आजकाल तसल्या गोष्टी फुकट मिळतात, कुणीतरी गडी घोगऱ्या आवाजात वाचून दाखवतो. ती गोष्ट दुसऱ्या दिवशी आमच्या पुढ्यात. अन् सांगणं असं, की गोष्टीतला सरदार बोलला की हिचा आवाज खर्जात जायचा. शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं एकदा भिंतीवरून डोकावून विचारलं, बायांमध्ये कोण गडी बसलाय म्हणून.

तर हा सरदार. श्रावणात जगदेवीनं पिशाच्चाची गोष्ट काढली. परमुलखातली, जुन्या काळची. बर्फाच्या डोंगरावर किल्ला, किल्ल्यात सरदार. गोरापान, देखणा, पण मेलेला. मरून शंभर वर्षं झाली अन् तरी चालतोय, बोलतोय. दिवसा मातीनं भरलेल्या पेटीत झोपायचं अन् अंधार पडला की उठून बायामाणसांच्या मानेचं रक्त प्यायचं. त्या किल्ल्यात एक अनाथ पोरगी कामाला येते, अन् तिचं तोंड असतं अगदी सरदाराच्या मेलेल्या बायकोसारखं. झालं.

आम्ही मुकाट्यानं ऐकणाऱ्यातल्या न्हाई. वाक्यागणिक फाटा फुटायचा. विठाबाई म्हणली, पुरलं म्हणून उठला. आमच्यात जाळतात, राख उठून कुठं जातीय? मी म्हणलं, आमच्यात तर बसवून पुरतात, मांडी घालून, गळ्यात लिंग. उठायचं असतं तर आमच्या माणसाला सगळ्यात सोपं होतं, आधीच बसलेला. पण एकबी उठला न्हाई. जन्मभर रानात राबलेला माणूस, निवांत बसायला मिळालं हेच त्याला लई झालं. जगदेवीसुद्धा हसली. मग म्हणली, ऐकायचं का न्हाई?

सरदार ताटावर बसतो पण खात काहीच न्हाई, असं आलं. विठाबाईचा हात थांबला. न जेवणारा पाहुणा तिला सोसंना. म्हणली, शुगर असंल. आरशात त्याचं तोंड दिसत न्हाई म्हणल्यावर विचारलं, मग भांग कसा पाडतो? जगदेवी म्हणली, सरदार हाय, भांग पाडायला नोकर असंल. तिच्याकडं प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार असायचं. तवाच ओळखायला पाहिजे होतं.

रक्त प्यायचं निघालं तवा विठाबाईनं पदर मागं सारला, मान पुढं केली अन् म्हणली, "येऊ द्या त्याला. सरकारी दवाखान्यात माझं रक्त सात भरलंय. एक घोट घेतला की तोच मला लोहाच्या गोळ्या आणून दील."

अन् लसूण! सरदाराला लसणाचा वास सोसत न्हाई, असं जगदेवीनं सांगितलं, तवा आम्ही सगळ्यांनी पुढ्यातल्या टोपल्याकडं बघितलं. धम्मप्रिया म्हणली, या वासानं घरचे नवरे जवळ यीनात, सरदार काय येतोय. धम्मप्रिया आमच्यात शिकलेली, बारावी झालेली. भूतबित काही नसतं, सगळे मनाचे खेळ, असं ती दर दुपारी सांगायची, अन् जगदेवी पाणी प्यायला थांबली की हीच आधी, पुढं काय झालं?

सगळ्यात मोठा घोळ झाला तो एका गोष्टीवरून. सरदार आपणहून कुणाच्या घरात शिरू शकत न्हाई. घरातल्यानं 'या' म्हणलं तरच त्याला उंबरा ओलांडता येतो. मी म्हणलं, मग झालं आपलं कल्याण. आमच्याकडं दारात कुणाची नुसती सावली पडली तरी 'या, बसा, च्या घ्या' तोंडातून निघतंच. मीटर बघायला आलेल्यालाबी आम्ही पोहे घालतो. विठाबाई म्हणली, च्या तर तो घेणार न्हाई. मी म्हणलं, मग घोटभर पाणी तरी घ्या म्हणायचं, तसंच कसं पाठवायचं?

अशा त्या दुपारी. पोट दुखंपर्यंत हसायचो. लसूण कधी सरला कळायचं न्हाई.

आता मंजुश्रीचं सांगते, कारण तिच्याशिवाय ही गोष्ट म्हणजे नुसता टाइमपास.

मंजुश्री उन्हाळ्यात आली. वय पंचविशीचं, लिंगायताचीच पोर, अर्धापूरला दिलेली. नवरा मृत्युंजय, केळीच्या गाड्या भरून देणारा. दिसायला बरा, बोलायला साखर. 'मारलं न्हाई मावशी कधी,' हे ती दरवेळी आधी सांगायची. मग काय करायचा? कामाला जाताना बाहेरून कुलूप लावून जायचा. तिचा मोबाइल संगं न्यायचा. खिडकीत कामून उभी होतीस, शेजारीण तुझ्याकडं बघून कामून हसली. ही रडली की तोबी रडायचा, हिच्याहून जास्त, अन् शेवटी हिलाच त्याची समजूत काढावी लागायची. आली तवा हातातल्या बांगड्या पार कोपरापर्यंत सरकायच्या. वडील न्हाईत. भावानं 'नांदायला जा' म्हणून दारातून परत लावलेली. जगदेवीनं तिला आपल्या खोलीत घेतलं, आपल्या ताटातलं खाऊ घातलं. ते मी नाकारत न्हाई.

पावसाळ्यात पोरीचा नर्सिंगला नंबर लागला. इथंच, लातूरला. धम्मप्रियानं मोबाइलवरून फॉर्म भरून दिलेला, आम्ही तर इसरूनबी गेलो होतो. कॉलेजात जाऊन कागद दाखवायचे अन् जागा पक्की करायची, तेवढंच राहिलं होतं. भादव्यात महालक्ष्म्या झाल्या की तारीख होती. तोवर जागा पक्की केली न्हाई तर ती दुसऱ्या कुणाला जाणार. मंजुश्री चपात्या लाटता लाटता सुईचं, सलाइनचं बोलायची. नर्स झाली की कुणाच्या कुलपात राहायचं न्हाई. त्या तारखेकडं आम्ही सगळ्याच डोळे लावून होतो. निदान मला तसं वाटत होतं.

अन् एका सोमवारी मृत्युंजय आला.

गेटाच्या बाहेर उभा. पांढरा सदरा, कपाळाला विभूती, हातात केळीची फणी. मंजुश्री उठून खोलीत जाऊन बसली. तो हाक मारीना, आत यीना, नुसता उन्हात उभा. जगदेवी उठली अन् म्हणली, या की, बाहेर कामून उभारलाव, च्या घ्या. विठाबाई माझ्या कानात म्हणली, बोलावलं बाई हिनं. आम्ही दोघी तोंडाला पदर लावून हसलो. हसलो म्हणते मी! आज ते आठवलं की कुणाला तरी धरून हाणावं वाटतं, अन् कुणाला ते कळत न्हाई.

मग दर सोमवारी यायला लागला. जगदेवीपुढं वाकून 'शरणार्थी, अव्वा' असा आमच्यातला नमस्कार घालायचा. पायरीवर बसायचा. मंजुश्री भेटायची न्हाई तरी बसायचा, डोळे पुसायचा, केळी ठेवून जायचा. अव्वा म्हणजे आई. जगदेवीला आई म्हणणारं जगात कुणी नव्हतं. ती लोण्यासारखी वितळली. आम्हाला ते दिसत होतं, पण त्यात वंगाळ असं काही दिसंना. केळी आम्हीबी खाल्ली.

इकडं गोष्टीतला सरदार बदलायला लागला.

आधी कसा होता? एका दुपारी गावातल्या चक्कीवाल्याची पोरगी त्यानं संपवलेली, आमच्या अंगावर काटा आलेला. आता तोच सरदार पोरीच्या खिडकीखाली बर्फात उभा राहायचा. आत यायचा न्हाई. हाक मारायचा न्हाई. डोळे पुसायचा. एक दिवस जगदेवी म्हणली, त्यानं तिच्यासाठी केळी आणली. धम्मप्रियानं हातातली पाकळी खाली ठेवली. बर्फाच्या मुलखात केळी कुठली, अक्का? जगदेवी जराबी अडखळली न्हाई. "सरदार हाय. मागवली." अन् आम्ही शहाण्या बायांनी माना डोलावल्या.

खोटं कामून बोलू, मला सरदार आवडायला लागला होता. आमच्या घरचे लई भले, पण एवढ्या वर्षांत माझ्यासाठी कधी खिडकीखाली उभे राहिले न्हाईत. जास्तीत जास्त 'जेवलीस का' म्हणतील, तेबी वाढून घेतल्यावर. अन् हा मेलेला माणूस बघा, मरूनबी कसा जीव लावून ऱ्हायला. बायामाणसाला अजून काय लागतं? चपात्या लाटताना माझ्या डोक्यात तोच. विठाबाई तर म्हणायला लागली, रक्तच पितो ना, पिऊ दे थोडं, मटन खाणारे काय कमी हाईत?

मग ती दुपार आली. पोरीनं सरदाराला तोंडावर सांगितलं की तू माझा घात करशील. सरदारानं छातीवर हात ठेवून शपथ घेतली, यापुढं तुझ्या मानेकडं बघणार न्हाई. अन् शपथ खरी हाय हे दाखवायला दिवस उगवेपर्यंत तिच्या खिडकीखाली उभा राहिला. उन्हानं त्याचं कातडं करपायला लागलं, धूर निघाला, तरी हलला न्हाई. जगदेवीचा आवाज असा कापत होता की काय सांगू. विठाबाई रडली, मी रडले. धम्मप्रियानं टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. मंजुश्री खाली मान घालून सोलत होती. जगदेवी म्हणली, शेवट उद्या.

तो शेवट काही मला ऐकायला मिळाला न्हाई. माझी पोरगी शिल्पा लोह्याला दिलेली. तिचं दुसरं बाळंतपण सासरीच करायचं ठरलं होतं अन् सकाळीच फोन आला, निघून या. मंजुश्री माझी पिशवी घेऊन स्टँडपर्यंत आली. गाडीला वेळ होता. ती म्हणली, मृत्युंजय अक्काजवळ म्हणलालाय, महालक्ष्म्यांचं सगळं आईला एकटीला होत न्हाई, तेवढ्यापुरती तरी चल. मी काय करू मावशी? माझं अर्धं चित्त शिल्पाकडं. मी म्हणलं, मी येते, आल्यावर निवांत बोलू. गाडी लागली अन् मी चढले.

शिल्पाला मुलगा झाला. बाळबाळंतिणीचं न्हाणं, शेक, खाणंपिणं, दिवस कसा जायचा कळायचं न्हाई. एके दुपारी दोघं मायलेकरं झोपली होती अन् मला एकदम सरदार आठवला. करपला का वाचला? मी शिल्पाला उठल्यावर सगळी गोष्ट सांगितली, तिनं चुटकीसरशी मोबाइलमध्ये काढून दिली. घोगऱ्या आवाजाचा गडी तोच. दुपारच्या दुपारी कानात वायरी घालून बसले.

पहिली अर्धी गोष्ट बरोबर. किल्ला बरोबर, पेटी बरोबर, चक्कीवाल्याची पोरगी बरोबर. मग म्हणलं आता रडंल, आता रडंल. सरदार रडलाच न्हाई हो! म्हणजे रडला, पण कसा? पोरगी रडली की तिच्याकडं बघून बघून शिकला अन् तसंच्या तसं रडून दाखवलं. केळीचं तर नावच न्हाई. छातीवर हात न्हाई, ऊन न्हाई, धूर न्हाई. पोरीला त्याची दया आली, तिनं आपल्या हातानं खिडकीची कडी काढली अन् ये म्हणली. त्यानं तिला संपवली. शेवटी ती मातीच्या पेटीत अन् हा मेला दुसऱ्या गावात दुसऱ्या खिडकीखाली उभा. बास, संपली गोष्ट.

मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं, दुसरीच गोष्ट लागली. परत पहिल्यापासून ऐकली. तीच होती. मला इतका राग आला की वायरी काढून फेकल्या. महिनाभर मी त्या बाईच्या वाट्याचा लसूण सोलला. नखं काळी झाली माझी. अन् तिनं आमच्या पदरात काय टाकलं? मृत्युंजयला किल्ल्यात नेऊन बसवला अन् आमच्याकडून त्याच्यासाठी टाळ्या वाजवून घेतल्या!

तिथल्या तिथं फोन लावला. म्हणलं, जगदेवी, शेवटी सरदाराचं काय झालं ग? ती खुशीत होती. म्हणली, पोरीनं आत घेतलं त्याला, पेटी जाळली, सरदारानं पहिल्यांदा पोटभर भाकरी खाल्ली, दोघांचा संसार झाला. मी म्हणलं, मी ऐकली गोष्ट. मोबाइलवर. दोनदा.

तिकडं परात खाली ठेवल्याचा आवाज आला.

मग म्हणली, "मंजुश्री काल गेली त्याच्यासंगं. मीच ओटी भरली तिची."

आमच्याकडं ओटी भरणं म्हणजे नुसतं खण-नारळ न्हाई. जिनं ओटी भरून पाठवलं तिचं घर ते माहेर. उद्या पोरीला काही झालं तर तिनं त्याच दारात यायचं. सख्ख्या भावानं दार लावलं होतं, जगदेवीनं माहेर दिलं, अन् त्याच माहेरातून उचलून तिला परत कुलपात पाठवली. मी विचारलं, कामून केलंस असं? अन् तिच्या नर्सिंगचं काय?

"गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून शपथ घेतली त्यानं, शिवकांता," ती म्हणली. "माझ्यासमोर. कुलूप लावणार न्हाई, कॉलेजलाबी पाठवीन म्हणला. लिंगावर हात ठेवल्यावर मी कसं न्हाई म्हणू? इतक्या सोमवारी येऊन उन्हात बसला तो. मला न्यायला कुणी आलं का? एवढी वर्षं झाली, एक माणूस आलं न्हाई गेटापर्यंत. तिला आलाय."

मी म्हणलं, "तुला न्यायला कुणी आलं न्हाई, म्हणून तर तू जित्ती हाईस." अन् फोन ठेवला. त्यानंतर मी तिच्याशी बोलले न्हाई.

मंजुश्रीला फोन लावला. बंद. दुसऱ्या दिवशी बंद. रोज बंद. पण ओली बाळंतीण टाकून मी कशी निघणार? महालक्ष्म्या आल्या, जेवल्या, गेल्या. बारसं झालं अन् दुसऱ्या दिवशी शिल्पाला म्हणलं, मी अर्धापूरला जाऊन येते. लोह्याहून नांदेड, नांदेडहून काळीपिवळीनं अर्धापूर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी केळी, केळी, केळी. मला ते झाडसुद्धा बघू वाटंना.

घर सापडलं. दाराला कुलूप नव्हतं. माझा जीव जरा खाली पडला. मृत्युंजय घरीच होता. हसतमुखानं पुढं आला, पिशवी हातातून घेतली, या मावशी, बसा, लोह्याहून आलात, लई लांब पडलं असंल. सासूनं पाणी दिलं, च्या टाकायला सांगितला. बोलायला नाव ठेवायला जागा न्हाई. मंजुश्री च्या घेऊन आली. डोक्यावर पदर. बांगड्या परत कोपराकडं चाललेल्या. माझ्याकडं बघून हसली, पण आधी त्याच्याकडं बघून मग हसली. मी विचारलं, कशी हाईस? तो म्हणला, मजेत हाय मावशी. मी विचारलं, फोन लागत न्हाई तुझा? तो म्हणला, पाण्यात पडला, नवा घ्यायचाय. मी विचारत होते तिला अन् उत्तर त्याचं. दारातच खुर्ची टाकून बसला होता, माझ्या अन् तिच्या मधी, पाय लांब करून.

मग रस्त्यावर गाडी वाजली, केळी भरायची गाडी. त्याला उठावं लागलं. सासू परसात गेली होती. मी मंजुश्रीचा हात धरला, आवाज बारीक केला. म्हणलं, पोरी, जगदेवीनं आपल्याला फसवलं. गोष्ट बदलून सांगितली तिनं. खऱ्या गोष्टीत तो सुधारत न्हाई.

"म्हाईत हाय मला," ती म्हणली.

मला वाटलं तिला कळलं न्हाई. मी परत सांगायला लागले. तिनं मान हलवली. म्हणली, मावशी, मी अक्काच्याच खोलीत होते. एक वायर तिच्या कानात, एक माझ्या. सगळी गोष्ट आम्ही दोघींनी संगंच ऐकली. शेवट ऐकून अक्का म्हणली, हे कसलं वंगाळ, असं कुठं असतं का. अन् मग दुपारी तुमच्यापुढं वेगळंच सांगायला लागली. माझ्याकडं बघून बघून सांगायची.

मी म्हणलं, अगं मग तिथंच बोलायचं होतंस! म्हणायचं होतंस, अक्का, हे खोटं हाय.

"कसं बोलू? खोली तिची. तिनं तोंडानं 'जा' म्हणलं असतं तर मी पाया पडले असते, भांडले असते. ती गोष्टच सांगलाली, गोष्टीशी कसं भांडू?" तिचा आवाज अजून बारीक झाला. "मी तुमच्याकडं बघत होते, मावशी. म्हणलं, मावशी तरी म्हणतील की हा लबाड हाय, ह्याला आत घेऊ नका. विठाबाई म्हणतील. तुमी सगळ्या रडलात. टाळ्या वाजवल्या त्याच्यासाठी. मग मला वाटलं, सगळ्यांलाच वाटलालंय मी जावं म्हणून. थांब म्हणून मला कुणीच म्हणलं न्हाई."

बाहेर तो कुणाला तरी हसत हसत हाक मारत होता. जगदेवीला द्यायच्या म्हणून रस्ताभर जमवलेल्या शिव्या तशाच राहिल्या. मी उठून उभी राहिले, तिचं मनगट घट्ट धरलं. म्हणलं, "मग आता म्हणते. थांबू नको हितं. आत्ता चल, हाय तशी चल. मी बघते कोण अडवतंय. सरळ कॉलेजात जाऊ."

तिनं माझा हात हळूच सोडवला.

"परवाच तारीख गेली, मावशी," ती म्हणली. गाडीचा आवाज बंद झाला, अंगणात त्याच्या चपला वाजल्या. तिनं पदर सारखा केला, माझ्या पुढ्यातला कप उचलला अन् च्या अजून थोडा घेता का म्हणून विचारलं.